कव्हरवाली की मोकळी

"गाडी दाखवणारा माणूस कुठं गेला?"

दार ढकलून आत आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारायचं, आणि विचारायचं मलाच. "माणूस इथंच आहे जी, बोला," असं मी म्हटलं की ते माझ्या खांद्यावरून मागं पाहायचं, तिथं कोणी मिशीवाला दडून बसला आहे का म्हणून. मिशीवाला होता, पण तो आमचा रोखपाल होता आणि त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. अमरावतीच्या त्या शोरूममध्ये मी सगळी नोकरी मोटारसायकली विकण्यात घालवली. साड्या विकल्या असत्या तर एकानंही काही विचारलं नसतं. आता निवृत्त झाले तर तेच लोक घरी येतात आणि चहा पीत विचारतात, "शोभाताई, लांब फिरायले गाडी घ्यायची हाये, कव्हरवाली घेऊ का मोकळी?" दरवेळी चहा करायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी आमच्याकडची रीत सांगते. वऱ्हाडात मोटारसायकल घ्यायला कोणी एकटं येत नाही. ज्याची गाडी तो, त्याची बायको, आई, एक मेहुणा आणि गावातला एक जाणता असं सगळं खटलं येतं. ह्या जाणत्याला गाडीतलं कळतं अशी गावात बोलवा असते. तो आमच्याशी बोलत नाही. टायर दाबतो, सायलेन्सरच्या भोकाला डोळा लावतो आणि उठून "हं" म्हणतो. त्या 'हं'वर आमची आठवड्याची मेहनत लटकलेली असायची. भातकुलीकडच्या एका जाणत्यानं कव्हरवाल्या गाडीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, टरबूज पाहतात तसं, आणि निकाल दिला, "आतून पोकळ हाये." झालं, सगळे उठले. आता कव्हर पोकळ असणार नाही तर काय त्यात तूर भरून देणार?

तर हे कव्हर म्हणजे काय? गाडीच्या तोंडाला आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकचं आवरण असतं आणि वर एक पारदर्शक काच. त्याला फेअरिंग म्हणतात. ज्या गाडीला ते नसतं, इंजिन, पाइप, टाकी सगळं उघडं दिसतं, तिला कंपनीचे लोक 'नेकेड' म्हणतात. पुण्याहून एक साहेब आम्हाला शिकवायला आला होता. तो सारखा नेकेड, नेकेड करत होता. मी म्हटलं, "साहेब, चांदूर रेल्वेहून सासू, सून आणि सासरा आलेत. त्यांना मी काय विचारू? ह्यातली नागडी दाखवू का?" साहेब लाल झाला. त्या दिवसापासून आमच्या शोरूममध्ये दोनच जाती राहिल्या, कव्हरवाली आणि मोकळी.

दोघींचे गुण सांगते. मोठ्या रस्त्यावर तासन् तास गाडी हाणायची असेल तर वारा छातीवर बसतो, मान आणि खांदे भरून येतात. कव्हरवाली तो वारा अडवते. पण गर्दीत, सिग्नलला, आमच्या अकोल्याच्या मे महिन्यात, तीच कव्हरवाली इंजिनची गरम हवा तुमच्या नडग्यांवर सोडते. अकोल्याच्या माणसाला आणखी उन्हाळा विकणं हे काही सोपं काम नाही. गाडी पडली तर मोकळीचा आरसा जातो, कव्हरवालीचं अर्धं अंग जातं. धारणीकडं जायचं असेल तर आणखी एक गोष्ट. मोकळीचा दिवा हँडलबरोबर वळतो. कव्हरवालीचा दिवा अंगातच बसवलेला, तो नाकासमोर पाहतो. मेळघाटातल्या वळणावर तुम्ही वळता आणि तुमचा उजेड सागाच्या झाडांकडं जातो.

हे सगळं मी पाठ म्हटल्यासारखं सांगायची. एक भिक्षुकीवाले गुरुजी मात्र काही ऐकायला तयार नव्हते. त्यांनी एकच मुद्दा काढला, "बाई, मी धोतर नेसतो." मी गप्प बसून त्यांना कव्हरवाली दिली. ते अजूनही यजमानांकडं अब्रूनं पोचतात.

पण ह्या सगळ्या मुद्द्यांत एक मुद्दा मी कधी सांगत नसे, कारण तो मला ठाऊकच नव्हता. तो मला एका वकीलसाहेबांच्या बायकोनं शिकवला.

वकीलसाहेब म्हणजे अमरावतीतलं बडं प्रस्थ. उंच, सडपातळ, आवाज असा की कोर्टाबाहेर पानवाल्यालाही खटला कळायचा. त्यांनी वकिली बंद केली आणि महिन्याभरात शोरूममध्ये हजर झाले. सोबत सुमनवहिनी, एवढ्याच. जाणता आणला नव्हता, कारण साहेब स्वतःच स्वतःचे जाणते.

"आमाले कोकणात जायचं हाये," ते म्हणाले. "मोटारसायकलवर. ही अन् मी. समुद्र पाहाले. लग्न झालं तवापासून म्हणून राहिलो, अन् तवापासून तारखाच पडून राहिल्या."

मी दोन्ही जातीच्या गाड्या दाखवल्या. साहेब थेट मोकळीवर जाऊन बसले. "हेच पाहिजे! ते दुसरं काय, तोंडावर पदर घेतल्यासारखं. वारा लागला पाहिजे माणसाले!" आणि आरशात स्वतःला न्याहाळायला लागले. तेवढ्यात वहिनींनी मला कोपऱ्यात, हेल्मेटच्या कपाटाआड ओढलं.

"शोभा, त्यायले ऐकू कमी येते," त्या म्हणाल्या. "वकिली काहून सोडली वाटते तुले? कबूल नाही करत. मशीन लावा म्हटलं तं चार दिवस बोलले नाही. काही सांगितलं का 'हो, हो' म्हणून मान डोलावतात. काल म्हटलं, घरात गॅस संपला. हो, हो. म्हटलं, मी माहेरी चालली कायमची. हो, हो."

मला हसू आलं. वहिनींना आलं नाही.

"मोकळी गाडी त्यायले काहून पाहिजे, सांगू? तिच्यावर वाऱ्यानं कोणालेच काही ऐकू येत नाही. तठी तेच एकटे बहिरे नसतात." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "मले जायचं हाये गं त्यायच्यासोबत. लय मन हाये. पण मागं बसून मी थांबा म्हटलं अन् हे थांबले नाही, तं मी त्या समुद्रापर्यंत कोणाच्या भरवशावर जाऊ? अन् दिवसभर मुक्यानं बसाले मी काय दळणाचा डबा हाओ? अकोल्याले माही बहीण हाये. तिथपर्यंत फिरवून पाहा आमाले. रस्त्यात मी थांबा म्हणीन. ऐकून थांबले तं जाईन कोकणात. नाही थांबले, तं हा विषय बंद. पुन्यांदा काढू देणार नाही."

"साहेबांना सांगायचं?"

"वा वं! सांगितलं तं दर दहा पावलावर थांबतीन."

आता ट्रायल म्हणजे शोरूमला एक फेरी मारून परत येणं. अकोल्यापर्यंत ट्रायल कोणी देत नाही. पण मालकाला मी सांगितलं, वकीलसाहेबांनी गाडी घेतली तर अर्धी बाररूम, म्हणजे कोर्टातली सगळी वकीलमंडळी, मागं येते. मालक कोर्टाला फार भिऊन असे, त्यानं लगेच होकार दिला. ठरलं असं की मूर्तिजापूरपर्यंत साहेब मोकळी चालवतील आणि मी मागून कव्हरवाली आणीन. तिथं अदलाबदल, पुढं अकोल्यापर्यंत उलट.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला सीताफळांचे ढीग लागले होते. बडनेरा मागं पडलं आणि साहेबांनी गाडी पळवायला सुरुवात केली. मी मागून पाहत होते. एका ढिगापाशी वहिनींचा हात वर झाला. त्यांचं हेल्मेट साहेबांच्या हेल्मेटापाशी गेलं. गाडी थांबली नाही. आणखी पुढं दुसरा ढीग आला, पुन्हा हेल्मेट पुढं. गाडी चाललीच आहे. मग वहिनींनी साहेबांच्या पाठीत एक दणका घातला. आणि काय सांगू बाप्पा, गाडीनं वेग घेतला! त्यांनी दुसरा घातला, गाडी आणखी सुटली. तिसऱ्या दणक्याला साहेबांनी चक्क अंगठा वर केला. मला हसता हसता गाडी बाजूला घ्यावी लागली.

मूर्तिजापूरच्या स्टँडाजवळ ते उतरले तेव्हा साहेबांचा चेहरा उजळून निघाला होता. "पाहिलं का शोभाबाई? उगीच भेव होतं मनात. मागून सारखी शाबासकी देऊन राहिली होती!"

वहिनींनी साडी झटकली, माझ्याकडं पाहिलं आणि आलुबोंड्याचा असा लचका तोडला की मला त्या आलुबोंड्याची दया आली. साहेब पाणी प्यायला गेल्यावर त्या म्हणाल्या, "झालं. गेला समुद्र."

"अजून अर्धा रस्ता आहे वहिनी."

"अन् त्या अर्ध्या रस्त्यानं त्यायचे कान उगवतीन?"

कान माझ्या हातात नव्हते, काच होती. कव्हरवाल्या गाडीच्या काचेची एक गंमत असते. काच ठेंगणी असेल तर वारा तिच्या कडेवरून उसळतो आणि नेमका हेल्मेटवर आदळतो. मग पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा आवाज होतो, त्यापेक्षा मोकळी परवडली. उंच माणसाला उंच काच लागते, वारा डोक्यावरून गेला पाहिजे. साहेबांची उंची पाहून मी निघायच्या आधीच उंच काच बसवून घेतली होती. मी वहिनींना म्हटलं, "पुढं त्यांच्या कानाशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. ह्या काचेआड ऐकू येतं. आलं नाही तर मी मोटारसायकली विकणं सोडून पापड विकीन."

"आता काय बोलायचं," त्या म्हणाल्या आणि मागं चढल्या.

मूर्तिजापूर सोडलं. आता मी मोकळीवर होते आणि वारा माझ्या कानात घुसत होता, त्यामुळं पुढं काय बोलणं चाललंय ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. दिसत मात्र होतं. वहिनी बोलत होत्या. पहिल्यांदा थोडं थोडं, मग हातवारे करून, मग एक हात कमरेवर ठेवून. भांडण काढावं तसा एक हात हवेत नाचत होता. नंतर तो हात खाली आला, साहेबांच्या खांद्यावर बसला आणि तिथंच राहिला. साहेबांचं हेल्मेट सरळ समोर, हलत नाही की डुलत नाही. बोरगाव मंजूला पुन्हा सीताफळं आली. वहिनींनी हात दाखवला, अगदी स्पष्ट. माझा जीव टांगणीला लागला. थांबा हो साहेब, थांबा!

गाडी ढिगासमोरून तशीच निघून गेली.

खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं. एक तर वहिनींचा समुद्र गेला, आणि वर माझी काच खोटी ठरली. पापडाच्या धंद्याचा विचार करतच मी अकोल्यात शिरले.

वहिनींची धाकटी बहीण कमलताई दारातच उभी होती, हातात तबक, त्यात कुंकू, अक्षता, निरांजन. गाडी फक्त ट्रायलची आहे हे तिला सांगूनही तिनं तयारी करून ठेवली होती. दारात आलेली गाडी ओवाळल्याशिवाय आत जाऊ द्यायची तिची छाती नव्हती. "थांबा जी, आधी ओवाळतो," ती म्हणाली.

"काही गरज नाही," वहिनी उतरता उतरता म्हणाल्या. हेल्मेट काढलं, केस नीट केले. "गाडी घ्यायचीच नाही. मी कुठी जात नाही अन् हे कुठी जात नाहीत. निरांजन मालव."

"काय झालं वं बाई?"

"इचार तुह्या भाटव्यायले!" वहिनींनी नवऱ्याकडं बोट दाखवलं. " सीताफळापाशी थांबा म्हटलं. एकदा नाही, मूर्तिजापूरच्या आंधीही अन् नंतरही. त्यायले काहीच ऐकू येत नाही, ना मोकळीवर ना कव्हरवालीवर. मग मी कोणाच्या भरवशावर समुद्रापर्यंत जाऊ? मी ठरवूनच निघाली होती. शोभाले इचार."

मी मान खाली घातली. कमलताईनं निरांजनाची वात बोटानं मागं ओढली, पण मालवली नाही.

वकीलसाहेब गाडीवरून उतरले. त्यांनी हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, घसा साफ केला आणि कोर्टात उभे राहतात तसे दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले.

"मोकळीवर नाही आलं ऐकू," ते म्हणाले. "दणक्यायले मी शाबासकी समजलो. पण कव्हरवालीवर आलं."

"काय आलं? काही नाही आलं!"

"मूर्तिजापूर सोडल्यावर तू म्हणाली, ऐकत तं नाहीच, मग आज सगळं बोलून घेतो. मग म्हणाली, माह्या आईच्या तेराव्याले मी तुह्या पिठल्याले नाव ठेवलं, ते तू अजून इसरली नाही."

"बाप्पा!" कमलताई म्हणाली.

"मग म्हणाली, त्या निळ्या शर्टात मी बँडवाल्यासारखा दिसतो. मग म्हणाली, माह्या बहिणीनं दिलेला डिनर सेट तू स्वतः फोडला, मोलकरणीच्या हातून नव्हता पडला."

वहिनींचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग कुंकवासारखा लाल. त्या माझ्याकडं वळून "ही काच!" असं म्हणाल्या, जणू मीच साक्षीदार फोडला होता. मी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

"बोरगावले थांबा म्हणाली, तेही ऐकलं."

"मंग थांबले काहून नाही?"

साहेबांचे मागं बांधलेले हात सुटले. एवढा बोलणारा माणूस, पण शब्द शोधत होता.

"त्याच्या आंधी तू बोलून राहिली होती," ते हळू म्हणाले. "म्हणाली, कान गेले तं जाऊ द्या, मले त्याचं काही नाही. पण मी बोलतो अन् तुमी न ऐकताच 'हो, हो' करता, तवा मले घरात एकटं वाटते. तुमी समोर असून एकटं वाटते." त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "आतापर्यंत हे तू मले कधी सांगितलं नव्हतं, सुमन. गाडी थांबवली असती तं तुले समजलं असतं का मले ऐकू येऊन राहिलं. मग तू गप बसली असती. म्हणून नाही थांबलो. सीताफळं नंतर भेटतीन."

रस्त्यावरून एक ऑटो फटफटत गेला. वहिनी जमिनीकडं पाहत होत्या, आणि मग पदराच्या आडून, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या. मी हातभर अंतरावर होते, मला ऐकू आलं.

साहेबांची मान सवयीनं हलायला लागली. ओठ 'हो' म्हणायला उघडले. मान मधेच थांबली.

"ऐकू नाही आलं," वकीलसाहेब म्हणाले. "पुन्यांदा सांग."

वहिनींनी वर पाहिलं. डोळे भरलेले, तरी हसत होत्या. आणि अकोल्याची ती अख्खी गल्ली दारात येईल इतक्या मोठ्यानं ओरडल्या,

"कव्हरवाली घ्या म्हटलं!"